रमझान ईदला शेजारी बोलावलंय: केव्हा जावं, काय बोलावं, आणि फितरा म्हणजे नेमकं काय?

चौथा_मजला

समोरच्या बिऱ्हाडाने रमझान ईदला घरी बोलावलं आहे. सगळंच त्यांना विचारणं बरं दिसत नाही, म्हणून इथे विचारतो.

कॅलेंडरवर एक तारीख छापलेली आहे, पण ते म्हणतात "चांद दिसला तर". मग रजा कुठल्या दिवसाची टाकायची? जायचं सकाळी की रात्री जेवायला? 'ईद मुबारक' एवढं पुरे का? गळाभेटीचं काय, बायकांनीही घ्यायची असते का? सोबत काय न्यावं? मुलांना पैसे देतात म्हणे, ते पाहुण्यांनीही द्यायचे का? फितरा आणि जकात एकच की वेगळं?

शिवाय शिरखुर्मा घरी करून पाहायचा आहे. दूध नासल्याच्या तक्रारी बऱ्याच ठिकाणी वाचल्या. ते कशामुळे होतं?

---

चंद्रकोर

तारखेपुरतं सांगतो.

हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र कॅलेंडरचा, महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो. रमझान नववा, शव्वाल दहावा, आणि शव्वालची पहिली तारीख म्हणजे ईद. २९व्या रोजाच्या संध्याकाळी सूर्य मावळला की पश्चिमेला कोर शोधतात. दिसली तर उद्या ईद. नाही दिसली तर ३० रोजे पुरे करून परवा. रमझान तीसच्या पुढे जात नाही, म्हणजे घोळ फक्त एका दिवसाचा.

रजेसाठी सोपा हिशेब: पहिला रोजा कुठल्या तारखेला होता तेवढं विचारून ठेवा. त्यात २९ दिवस मिळवले की लवकरची ईद, ३० मिळवले की उशिराची. २०२४ ला आपल्याकडे पहिला रोजा १२ मार्चला होता आणि ईद ११ एप्रिलला आली, म्हणजे पूर्ण ३०. २०२५ ला पहिला रोजा २ मार्चला आणि ईद ३१ मार्चला, म्हणजे २९. अर्जात दोन्ही तारखा लिहून ठेवा.

टीव्हीवर सौदीत चांद दिसल्याची बातमी आली की लोक इथे लगेच शुभेच्छा पाठवायला लागतात. त्या बातमीवर जाऊ नका. २०२५ ला तिकडे ३० मार्चला ईद झाली, इथे दुसऱ्या दिवशी. आपल्या शहरातली चांद कमिटी साक्षी तपासून जाहीर करते, आणि आभाळ ढगाळ असलं तर त्याला रात्रीचे नऊ-दहाही वाजतात.

शेजारी दाऊदी बोहरा (एक शिया पंथ) असतील तर यातलं काहीच लागू नाही. त्यांचं कॅलेंडर गणिताने आधीच ठरलेलं असतं आणि त्यात रमझान कायम ३० दिवसांचा. त्यांची ईद बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधी येते.

आणि ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे का सरकते, तर हिजरीत अधिक मास नाही. चांद्रवर्ष ३५४-३५५ दिवसांचं. त्यामुळे साधारण ३३ वर्षांत ईद सगळे ऋतू फिरून येते.

---

मोहल्ला_कट्टा

आधी दिवसाचा क्रम लक्षात घ्या, म्हणजे वेळ आपोआप ठरेल.

पहाटे आंघोळ, असतील त्यातले चांगले कपडे, अत्तर. घराबाहेर पडण्याआधी खजूर खातात, तेही एक, तीन, पाच असे विषम. त्या दिवशी रोजा ठेवायलाच मनाई आहे आणि महिनाभराचा उपास संपल्याची ही खूण. मग ईदगाहला (ईदच्या नमाजेचं मैदान) किंवा मशिदीत. जाताना एक रस्ता, येताना दुसरा, अशी पद्धत आहे. वाटेत तकबीर, म्हणजे अल्लाहच्या थोरवीचा घोष, म्हणतात: अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, ला इलाहा इल्लल्लाह, वल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, व लिल्लाहिल हम्द.

नमाजेची वेळ सूर्य वर आल्यापासून, म्हणजे उगवल्यावर साधारण वीस मिनिटांनी सुरू होते आणि मध्यान्हाच्या आत संपते. अजान नाही, इकामत (नमाज सुरू होतानाची हाक) नाही. दोनच रकात (नमाजेच्या फेऱ्या), पण जास्तीच्या तकबिरी असतात. हनफींमध्ये (सुन्नींची एक शाखा) सहा: पहिल्या रकातीत कुराणपठणाआधी तीन, दुसरीत पठणानंतर तीन. खरा गोंधळ दुसऱ्या रकातीत होतो. रोजच्या सवयीने लोक पठण संपून तकबीर ऐकली की थेट रुकूत (कमरेतून) वाकतात. म्हणून इमाम आधी सगळं समजावून सांगतात. खुतबा, म्हणजे इमामांचं प्रवचन, नमाजेनंतर असतो (जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, आधी असतो) आणि तो ऐकूनच उठायचं असतं. त्यानंतर गळाभेटी, बरेच जण कब्रस्तानात जाऊन येतात, मग घर.

म्हणून अकरा ते एक ही जाण्याची उत्तम वेळ. दुपारी दोन ते पाच टाळा. घरातल्या बायका चांदरातीपासून (ईदच्या आदल्या रात्रीपासून) स्वयंपाकघरात असतात, तेवढाच काय तो विसावा. संध्याकाळी सातनंतर पुन्हा ये-जा सुरू होते. जेवायचं बोलावणं वेगळं दिलेलं नसेल तर पंधरा-वीस मिनिटांची भेट पुरते. पण शिरखुर्म्याची वाटी रिकामी केल्याशिवाय उठू देत नाहीत, पोटात जागा ठेवून जा.

'ईद मुबारक' अगदी पुरे. उत्तरात 'आपको भी मुबारक' किंवा 'खैर मुबारक' ऐकू येईल. 'तकब्बलल्लाहु मिन्ना व मिन्कुम' ही दुआ आहे, आमची-तुमची इबादत अल्लाह कबूल करो अशा अर्थाची. ती ते आपसात म्हणतात, तुम्ही पाठ करून जायची गरज नाही. मराठीत 'ईदच्या शुभेच्छा' म्हटलंत तरी चालतं.

गळाभेट पुरुषांची पुरुषांशी, बायकांची बायकांशी. तीनदा गळ्याला गळा लावणं हा आपल्या उपखंडातला रिवाज आहे, धर्माचा नियम नाही. दोनदा झाली म्हणून काही बिघडत नाही. समोर स्त्री असेल तर पुरुषाने हात पुढे करू नये, सलाम किंवा नमस्कार करावा.

न्यायला फळं, सुका मेवा, मिठाई. चॉकलेटचा डबा नेलात तर आत दारूचं सारण किंवा जिलेटिन नाही ना, हे डब्यावर वाचा. मुलांना मोठ्यांनी ईदी द्यायची पद्धत आहे, पाहुण्यावर बंधन नाही. द्यायची झाली तर कोऱ्या नोटा आणि सगळ्या मुलांना सारखीच रक्कम, नाहीतर धाकटं रुसतं. तुमची मुलं सोबत असतील तर त्यांनाही मिळेल. "नको नको" करून परत करायला लावू नका.

शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच सांगा. शिरखुर्मा शाकाहारीच असतो.

आता फितरा. रमझान ईदचं अरबी नाव ईद-उल-फित्र, त्यातलंच हे दान. गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी म्हणून. जकात वेगळी: निसाबाइतकी (ठरलेल्या किमान मर्यादेइतकी) किंवा जास्त संपत्ती एक चांद्रवर्ष जवळ असेल तर तिच्यावर अडीच टक्के. फितरा संपत्तीवर नाही, डोक्यावर मोजतात, तान्ह्या बाळासकट. हनफींमध्ये माणशी गव्हाचं माप १ किलो ६३३ ग्रॅम धरतात. दुसऱ्या मोजणीने ते २ किलो ४५ ग्रॅम येतं, म्हणून मशिदींच्या फलकांवर आकडे जुळत नाहीत. पाच माणसांचं घर पहिल्या हिशेबाने ८ किलो १६५ ग्रॅम गहू किंवा तेवढ्याचे पैसे देतं. खजूर, मनुका किंवा जवाच्या मापाने द्यायचं तर दुप्पट वजन. ज्याला परवडतं त्याने गव्हाच्या भावावर अडून राहू नये, असं माझं मत.

देणारा कोण? गरजा भागवून ज्याच्याकडे साडेबावन्न तोळे चांदीच्या, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅमच्या किमतीइतकं उरतं तो.

---

खाडीपलीकडे

वरचं सगळं हनफी पद्धतीचं आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातले कोकणी मुसलमान बहुतांश शाफई (सुन्नींची दुसरी शाखा), आणि तिथे बराच फरक पडतो.

जास्तीच्या तकबिरी पहिल्या रकातीत सात, दुसरीत पाच, दोन्ही वेळा पठणाआधी. त्यामुळे रुकूचा तो घोटाळा इकडे होत नाही, मोजणी मात्र चुकते.

फितरा धान्यातच काढतात, पैशात नाही. आणि धान्य कुठलं, तर जे रोजच्या ताटात असतं ते, म्हणजे कोकणात तांदूळ. माणशी एक साअ (धान्याचं जुनं माप), जवळपास अडीच किलो. चांदीचा निसाब इथे लागत नाही. ईदच्या दिवस-रात्रीपुरतं घरात असून वर काही उरत असेल त्याने द्यायचंच.

एक बारकावा. चांदरातीला मगरिबनंतर (सूर्यास्तानंतर) बाळ जन्मलं तर हनफी घरात त्याचा फितरा निघतो, कारण तिथे ईदची पहाट धरतात. शाफई घरात शेवटच्या रोजाचा सूर्यास्त धरतात, म्हणून निघत नाही.

सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. नमाजेआधी गरिबाच्या हातात पडायला हवा. नंतर दिला तर तो साधा सदका (ऐच्छिक दान), असं हदीसेत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. ईदगाहच्या दारात गर्दीत पाकिटं वाटण्यापेक्षा दोन दिवस आधी पोचवलेला बरा. त्यालाही दुकान उघडं असताना सामान भरता आलं पाहिजे ना!

---

तूप_सढळ

शिरखुर्मा, सहा-सात वाट्यांचा:

म्हशीचं दूध १ लिटर, खारीक ८, भाजलेल्या बारीक शेवया ४० ते ५० ग्रॅम, तूप ३ मोठे चमचे, चारोळी २ मोठे चमचे, बदाम-पिस्ते १५-१५, साखर ८० ते १०० ग्रॅम, वेलची ५-६, चिमूटभर केशर.

खारीक रात्रभर भिजवून बिया काढून लांब चिरा. चारोळी गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून हातावर चोळा, साल निघतं. दूध मंद आचेवर पाऊण होईपर्यंत आटवा. तुपात आधी मेवा, मग खारीक, शेवटी शेवया, प्रत्येक वेगवेगळं परता. शेवया दुधात पाच मिनिटं शिजल्या की साखर, वेलची, केशर. गॅस बंद करून थोडं निवल्यावर मेवा आणि खारीक.

दूध नासण्याची कारणं तीन. आंबट बेदाणे थेट उकळत्या दुधात टाकणं: घालायचेच तर तुपात फुगवून, शेवटी. दुसरं, उन्हाळ्यात बाहेर भिजवलेली खारीक पहाटेपर्यंत आंबते: फ्रिजमध्ये भिजवा आणि ते पाणी दुधात घालू नका. तिसरं, दूधच कालचं असणं.

शेवया जास्त झाल्या तर तासाभरात लापशी होते. गॅसवरून उतरवताना ताकाइतकं पातळच दिसलं पाहिजे, निवल्यावर दाटतं. दिवसभर पाहुणे असतील तर परतलेल्या शेवया वेगळ्या ठेवून लागेल तसं दूध काढून त्यात घाला. चारोळी आणल्याबरोबर एक दाणा चावून बघा. खवट निघाली तर पातेलंभर शिरखुर्मा वाया.

---

चौथा_मजला

सगळ्यांचे आभार, रजेचा अर्ज दोन तारखांनी टाकतो. आणखी एक शंका: सोसायटीच्या ग्रुपवर लोक मोहरमलाही 'मुबारक' टाकतात. ते बरोबर का? आणि बकरी ईदला हेच सगळं लागू का?

---

मोहल्ला_कट्टा

मोहरमला नको. १० मोहरम म्हणजे आशुरा. हिजरी ६१ मध्ये, म्हणजे इ.स. ६८० ला, करबलात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन शहीद झाले तो दिवस. शिया घरांत तो शोक असतो. सुन्नींमध्ये अनेक जण नववी-दहावीचा रोजा ठेवतात, पण तिथेही मुबारक देण्याचा तो दिवस नव्हे. काहीच न पाठवणं उत्तम.

बकरी ईद रमझान ईदनंतर ६७ ते ६९ दिवसांनी, १० जिल्हिज्जाला (हिजरीचा बारावा महिना). चांद दहा दिवस आधी दिसलेला असतो, त्यामुळे रजेचा घोळ नाही. शुभेच्छा तीच, 'ईद मुबारक'. फितरा नसतो, आणि नमाजेआधी काही न खाणं चांगलं मानतात. नमाज लवकर होते, कारण पुढे कुर्बानी असते. मग मांसाचे वाटे: घरचा, नातेवाइकांचा, गरिबांचा. सकाळभर घर त्यात गुंतलेलं असतं, तेव्हा संध्याकाळी जा किंवा सरळ दुसऱ्या दिवशी. हनफींमध्ये कुर्बानी जिल्हिज्जाच्या बारा तारखेपर्यंत चालते, उशिरा आलात असं कोणी म्हणणार नाही.