उत्सवात एक दिवस पूर्ण बिनमाईकचं गाणं ठेवायचंय, जमेल का?

कोकणी_उत्सवकर:
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातलं छोटं गाव आहे आमचं, माघी गणेश जयंतीचा उत्सव पाच दिवस असतो. गेली काही वर्षं ऑर्केस्ट्रा, डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), हे मोठाले स्पीकर, देवळाच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि म्हातारी माणसं आरती झाली की कानात बोळे घालून घरी जाऊन बसतात. मीटिंगमधे मी बोललो की एक दिवस तरी माईक, स्पीकर काही नको, सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं गाणं, पेटी, तबला, पखवाज, सनई, बासरी. निम्मे लोक हो म्हणाले, निम्मे म्हणाले मागच्याला ऐकू येणार नाही, लोक उठून जातील. सभामंडप साधारण ४० बाय २५ फूट, दीड-दोनशे माणूस बसतं. आधी लाकडी खांब आणि कौलं होती, आता स्लॅब आणि खाली ग्रॅनाइट झालंय. कोणी असं केलंय का? काय काय सांभाळावं लागतं ते सविस्तर सांगा, कारण एकदा फसलं की पुढच्या वर्षी कोणी नावच काढू देणार नाही.

ठेका_धरा:
दादा जरूर करा, मी तबला वाजवतो, अशा दोन-तीन बैठका केल्यात. पहिली गोष्ट, चार फुटी स्टेज बांधू नका. वीतभर उंच चौकी, ती पण मंडपाच्या टोकाला नको, लांब बाजूच्या मधोमध ठेवा आणि लोकांना तिन्ही बाजूंनी बसवा. मग सगळ्यात मागच्या कोपऱ्यातला माणूस पण पंचवीस-तीस फुटांवर येतो, एवढ्यात चांगला गळा आरामात पोचतो.

दुसरं म्हणजे ग्रॅनाइट आणि स्लॅब. हा खरा त्रास आहे. आवाज घुमतो, तबल्याचा बोल बोलात मिसळतो आणि तान चिखलासारखी ऐकू येते. जाजमं, सतरंज्या, घरातल्या गोधड्या, जे मिळेल ते अंथरा, मागच्या भिंतीला कनातीचे जाड पडदे सोडा. माणसं दाटीवाटीने बसली की अर्धं काम तीच करतात, रिकाम्या मंडपात चाचणी घेऊन घाबरू नका.

पंखे बंद. माघात थंडी असते, चालतं. पंख्याची घरघर तानपुऱ्याला खाऊन टाकते.

आणि तुमच्याकडे समुद्राची हवा, संध्याकाळी दव पडलं की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सुरातून उतरते. पुरुष गायक बहुतेक पेटीच्या काळी एक-दोन पट्टीत गातात आणि बायका काळी चार-पाचला, म्हणजे लहान-मोठ्या तोंडाचे निदान दोन-तीन तबले लागतील, ते दुपारपासून मंडपातच आणून ठेवा म्हणजे तिथल्या हवेला बसतील. दोन गाण्यांच्या मधे दहा मिनिटं मोकळी सोडा, तेव्हा निवेदकाने बडबड करायची नाही, लोकांना सूर लावताना ऐकू द्या.

साउंड_वाला:
माझा धंदाच स्पीकरचा आहे, तरी पटतंय. पण एक वेगळं मत मांडतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं काय? उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल आवाज पडतो, मंडपात थोडा कमी पडतो पण पडतोच. सनई आणि पखवाज पोचतील, बासरीचा खालचा सूर आणि तानपुरा नाही पोचणार. माझं म्हणणं एकच माईक, कलाकारापासून चार-पाच फूट लांब, आणि एक छोटा स्पीकर फक्त मागच्या कोपऱ्यात, इतका बारीक की लावलाय हे कळू नये.
आणि रात्री १० ला थांबायचंच, नियमात लाउडस्पीकरबरोबर वाद्यं पण येतात, बिनमाईकचं आहे म्हणून उघड्या मंडपात रात्रभर चालेल असं नाही.

मिरजेची_लेक:
माईक नकोच, एक दिवस तरी नको! ज्येष्ठांना पहिल्या ओळीत खुर्च्या द्या की, प्रश्न मिटला.
मी मिरजेत वाढले. दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं होतं, ते १९३७ साली गेले आणि त्यांची कबर तिथेच आवारात आहे. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेनजी सगळे तिथे गायलेत. माईक तिथेही असतो, ते सांगायला लिहीत नाहीये. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली गाणं चालायचं आणि आम्ही पोरं इतकी पुढे बसायचो की तानपुऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवला तर आतून तो हलताना जाणवायचा. ते अजून तळहातात आहे. म्हणून सांगते, खरे तानपुरे आणा, मोबाईलमधला नको. आणि जुळवणाऱ्याला वेळ द्या, घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवला की आवाज एकदम उघडतो. मालकंस, मारवा हे राग ठेवणार असाल तर त्यांत पंचम नसतो, म्हणून तानपुऱ्याची पंचमाची तार दुसऱ्या सुराला लावावी लागते, ते आधी गायकाला विचारा.
अजून एक, दुपार वाया घालवू नका. आपल्याकडे मैफली संध्याकाळी, त्यामुळे दुपारचे सारंग राग ऐकायलाच मिळत नाहीत. जेवण झाल्यावर दोनला वृंदावनी सारंग ठेवा, लोक पानसुपारी घेऊन बसतील.

कोकणी_उत्सवकर:
उत्सव झाला, सांगायचं राहिलं होतं. सगळ्यांचे मनापासून आभार. चौकी मधोमध ठेवली, वाडीतल्या प्रत्येक घरातून एक गोधडी मागवली, बायकांनी स्वतः आणून अंथरल्या. सकाळी सनईला जेमतेम तीस माणसं होती, माझ्या पोटात गोळा आला. पण दुपारी सारंगाला मंडप भरला, मुंबईहून आलेले चाकरमानी जेवणं उरकून थेट आले. साउंडवाले दादा, तुमचं बासरीचं म्हणणं खरं ठरलं, मागे नाही पोचली, तर बासरीवाल्यांनी स्वतःच लोकांना पुढे सरका म्हणून सांगितलं आणि पोरं चौकीला टेकून बसली.
गडबड एकच झाली, बाहेर सरबताच्या गाडीचा जनरेटर. भजन सुरू झालं आणि भटभट सगळी आत. दोघं जाऊन विनंती करून आले, त्या माणसाने बंद केला आणि बर्फ घरून आणला. पखवाजाची कणिक दोनदा वाळली, आमच्या काकूंनी स्वयंपाकघरातून ताजी भिजवून आणली, ती धुमाला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावली आणि पहिली थाप पडली तेव्हा मागच्या भिंतीपाशी उभी माणसं पण खाली बसली. ९:४० ला भैरवी संपली.
आता पुढच्या वर्षीची तयारी. देवळाच्या माळ्यावर नाटकाच्या वेळचा जुना पायाचा ऑर्गन सापडलाय, भाता फाटलाय आणि चार-पाच सूर मुके आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे असं काम कुठे होतं कोणाला माहीत असेल तर सांगा, घेऊन जायला टेम्पो तयार आहे.