सल्ला हवा : नफा वाढतोय, पण धंद्यातून रोकड येत नाही. शेअर घ्यावा का?

सांगलीकर : नमस्कार मंडळी. ५० हजार बाजूला काढलेत. पंप बनवणारी एक छोटी लिस्टेड कंपनी पाहतोय. तीन वर्षांत नफा ३ कोटींवरून ८ कोटींवर गेला, पण कॅश फ्लोमध्ये (रोकड किती आली-गेली त्या पत्रकात) ऑपरेशन्सची, म्हणजे रोजच्या धंद्याची, रोकड यंदा उणे ६ कोटी. वाढत्या कंपनीत हे चालायचंच का? कृपया म्युच्युअल फंड सुचवू नका.

एसआयपीवाला : फंडच घ्या. दहा वर्षं चालू आहे माझं, झोप शांत लागते. आणि ५० हजारांत काय होणार? निदान ५ लाख तरी टाका.

वर्कशॉप_भोसरी : उणे म्हणजे लबाडीच, असं नाही. ऑर्डरी दुप्पट झाल्या त्या वर्षी माझाही कागदावर नफा होता आणि पगाराला पैसे नव्हते. स्टीलवाल्याला रोख द्यायचे, गिऱ्हाइकाने मात्र ४५ दिवसांचे १४० केले. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून बोनस वाटला. पैसा उधारीत अडकलाय की गोदामात, ते बघा.

खतावणी : एका वर्षावर जाऊ नका. पाच वर्षांचा नफा आणि पाच वर्षांची ऑपरेशन्सची रोकड, दोन्ही बेरजा शेजारी मांडा. २०२१-२२पासून ताळेबंदाच्या नोट्समध्ये येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) किती जुनी आहेत याचा तक्ता द्यावा लागतो. सहा महिन्यांवरची येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढत असतील तर सावध. उलटही होतं : मार्चअखेर पुरवठादारांची बिलं थकवली की रोकड छान दिसते.

जुनाखेळाडू : रोकडीचं काय सांगता! जानेवारी २००९मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या ताळेबंदातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, हे बाहेर आलं.

खतावणी : म्हणूनच व्याजही बघायचं. बँकेत एवढा पैसा आणि व्याज चिमूटभर, असं असेल तर गडबड.

एसआयपीवाला : वर म्हटलंय तसं उधारी बघा. त्यापेक्षा फंड.

सांगलीकर : तक्ता काढला. सहा महिन्यांवरची येणी २ कोटींवरून ९ कोटींवर, बरीचशी सरकारी पाणीयोजनांची.

वर्कशॉप_भोसरी : सरकारी पैसे बुडत नाहीत, पण तोवर बँकेचं व्याज कंपनीला खातं. थांबा, भाऊ.

खतावणी : थांबाच.

सांगलीकर : सगळ्यांचे आभार. तरी घेतोय, पूर्ण ५० हजारांचे. आमच्या शिवारात त्यांचे पंप नऊ वर्षं चाललेत, मी स्वतः उघडून पाहिलेत. सप्टेंबरअखेरचा सहामाही कॅश फ्लो आला की येण्यांचा आकडा इथेच टाकतो.