बालवाडीच्या ताईंचं काम कशाने सोपं होईल? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

पर्यवेक्षिका: लहान गटात 28 मुलं, एक ताई, एक मावशी. ताई मनापासून शिकवतात, पण 11 वाजेपर्यंत घसा बसतो आणि निरीक्षणवह्या कोऱ्याच राहतात. आणखी एक प्रशिक्षण ठेवलं तर उपयोग होईल का?

शिशुरंग: आधी घड्याळ लावून वर्गात बसा. नळ दोन आणि एका मुलाला हात धुवायला 40 सेकंद धरले, तर 28 मुलांना 9 मिनिटांहून जास्त लागतात. तीन-चार वर्षांचं मूल तेवढा वेळ रांगेत उभं राहणारच नाही. ढकलाढकली होते, ताई ओरडतात आणि घसा तिथेच जातो. मावशींनी सात-सात मुलं न्यावीत, बाकीच्यांची बडबडगीतं चालू राहू द्यावीत. पण त्याच वेळी मावशींना कार्यालयात चहा करायला बोलावू नका, सगळं कोलमडतं.

चिंचोके: खंजिरीचे दोन ठोके पडले की हातातलं खाली ठेवायचं, एवढी एकच खूण ठरवा. दर आठवड्याला बदलली तर ती रुजत नाही. साहित्याचंही बघा. मण्यांचा एकच डबा असला तर भांडणं ठरलेलीच, त्याचे चार डबे करा. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या वस्तूंवरच भर दिला होता, खर्चाचा बाऊ नको. फक्त चिंचोके, मणी लहान गटाला मोजून द्या, मोजून परत घ्या; नाका-कानात जातात. मळलेली कणीक त्याहून बरी: 2 वाट्या कणीक, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल, पाणी लागेल तसं. मीठ कमी पडलं तर लवकर आंबते. पावसाळ्यात दोन दिवसांत टाकून द्या.

पाटीपेन्सिल: वह्या कोऱ्या राहतात कारण ताई महिन्याअखेरी 28 जणांचं आठवायला बसतात. रोज फक्त 6 मुलं ठरवा, आठवड्यात सगळी होतात. प्रत्येकी एक ओळ पुरे. ‘हुशार आहे’ लिहून काही कळत नाही. ‘7 मणी ओवले, आठव्याला दोरा निसटला, मदत मागितली नाही’ यावरून उद्या काय द्यायचं ते ठरतं.

पर्यवेक्षिका: याला वेळ कुठला काढायचा?

पाटीपेन्सिल: मुलं घरी गेल्यावरचा अर्धा तास. तेव्हा ताईंना प्राथमिकच्या बदली तासाला पाठवू नका आणि वेळापत्रकात तो ‘तयारी’ म्हणून लिहूनच टाका.