जोडण्याआधी तारखा बघा
वंशावळींचं काम करणाऱ्या सगळ्या संस्थांनी आपापल्या जेडकॉम फायली (म्हणजे वंशावळीची माहिती साठवणाऱ्या संगणकी फायली) मेळाव्यात आणून तिथल्या तिथे एकत्र कराव्यात, ही इथे एकाने केलेली सूचना मला मनापासून आवडली. फक्त थेट मर्ज करू नका. दोन वेगळी माणसं चुकून एक झाली की त्यांची मुलंबाळंही मिसळतात आणि तो गुंता सोडवायला महिने जातात. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा, हयात व्यक्ती वगळा. मग नाव, जन्मसाल आणि आईवडील हे तिन्ही जुळेल तीच जोडी, तीही कुणीतरी डोळ्यांखालून घातल्यावरच जोडा. फायली यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची संगणकी पद्धत) मध्येच मागवा, नाहीतर नावांतली अक्षरं बिघडतात.

खरा घोळ तारखांचा. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. नोंदवहीतला ‘१० फेब्रुवारी १७३१’ आजच्या हिशोबाने १७३२ मधला. एकाने जसाच्या तसा उतरवला, दुसऱ्याने साल बदललं, की एकाच बाळाच्या दोन नोंदी झाल्या! तिथे १७३१/३२ असंच लिहा. आणि बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारखेच्या रकान्यात कृपया घालू नका, दोन्हींत कधीकधी वर्षांचं अंतर असतं.