व्हिटॅमिन सी, झिंक आणि विषाणू

रोज व्हिटॅमिन सी आणि झिंक घेतलं की विषाणू जवळ फिरकत नाही, हे म्हणणं मला पटत नाही. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अहवालात) असं दिसलं की नियमित व्हिटॅमिन सी घेणाऱ्या सर्वसामान्य लोकांना सर्दी काही कमी वेळा झाली नाही. झाली तेव्हा मुक्काम मात्र थोडा घटला, मोठ्यांमध्ये साधारण 8 टक्के, मुलांमध्ये 14. म्हणजे आठवडाभराच्या सर्दीत मोठ्यांना जेमतेम अर्धा दिवस, मुलांना साधारण एक दिवस. आणि सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या घेऊन तर ठोस फरक दिसलाच नाही. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक यांच्यात मात्र सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण आपल्यापैकी कितीजण तसे राबतात?

ज्यांच्या शरीरात खरोखर कमतरता आहे, त्यांची गोष्ट वेगळी. झिंक कमी पडलं तर टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) नीट तयार होत नाहीत, तिथे ते भरून काढायलाच हवं. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काय होणार?

उलट जास्तीचं झिंक त्रासच देतं. प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा 40 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं आणि पांढऱ्या पेशीच कमी होऊ शकतात. व्हिटॅमिन डीच्या मोठ्या डोसांनी रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर ताण येतो. म्हणून कळकळीने सांगते, आधी डॉक्टरांशी बोला. आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर मल्टिव्हिटॅमिनमध्ये व्हिटॅमिन के आहे का, ते लेबलवर नक्की बघा, कारण त्याने या औषधाचा परिणाम कमी होतो.