कॉलेज आइस हॉकी: एका पराभवात बाद होणे न्याय्य आहे का?

प्रश्न: अमेरिकेतील पुरुषांच्या राष्ट्रीय कॉलेज आइस हॉकी अजिंक्यपद स्पर्धेतील १६ संघ कसे निवडले जातात, आणि हंगामभर उत्तम खेळलेला संघ एकाच पराभवाने बाद व्हावा, हे योग्य वाटते का?

उत्तर १: सहा कॉन्फरन्सचे (म्हणजे कॉलेज संघांच्या साखळी गटांचे) विजेते थेट पात्र ठरतात आणि उरलेले १० संघ हंगामातील कामगिरीवरून घेतले जातात. बाद पद्धत मला मनापासून पटते, कारण एकटा गोलरक्षकही सामना तारून नेऊ शकतो; २०२४ च्या अंतिम सामन्यात बोस्टन कॉलेजचे ३५ च्या ३५ फटके अडवून मॅट डेव्हिसने डेन्व्हर विद्यापीठाच्या २-० अशा विजयाचा आणि दहाव्या विजेतेपदाचा पाया रचला.

उत्तर २: सहमत आहे. २०२५ च्या उपान्त्य सामन्यात त्याच डेन्व्हरला दुसऱ्या जादा वेळेत ३-२ असे नमवून वेस्टर्न मिशिगनने पुढे आपले पहिलेच विजेतेपद पटकावले. मालिका पद्धतीत हे कदाचित घडले नसते.