नाडी बिघडलेली आणि घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस : तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ
नोव्हेंबर म्हणजे ह्यांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. काल पेन्शनची फाइल उघडली तर कागदांत माझाच जुना ईसीजी निघाला. रेघा पार फिकट झाल्यात, कडेला माझं नाव तेवढं वाचता येतंय. ती दुपार सगळी आठवली, म्हणून लिहायला बसले.

ह्यांना पक्षाघात होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेलेली, बोलणंही गेलेलं. समजतं सगळं, पण तोंडातून 'हो' एवढंच निघतं. जेवण झाल्यावर ह्यांना खुर्चीतून पलंगावर घेत होते, तेवढ्यात माझ्या छातीत फडफड सुरू झाली. दुखत नव्हतं. ठोका पडतोय, मध्येच गाळतोय, मग एकदम चार-पाच घाईनं. डोळ्यांपुढे अंधारी आली. ह्यांना कसंबसं पलंगावर टेकवलं आणि तिथेच फरशीवर बसले. ह्यांना हाक मारता येईना. ह्यांनीच डाव्या हातानं स्टुलावरचं फुलपात्र उचललं आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटत राहिले. त्या आवाजानं खालच्या वहिनी धावत वर आल्या.

डॉक्टरांनी मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही. मग ईसीजी. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त तिथे रेंगाळतं, गुठळी होते, ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. ह्यांचं नेमकं असंच झालं होतं, हे मला तोवर कुणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दाखल व्हा. मी म्हटलं, सोमवारी येते, आत्ता चारला ह्यांचा चहा आणि औषध आहे. ते म्हणाले, "काकू, तुम्हीच पडलात तर उद्याचा चहा कोण देणार? आधी कुणाला तरी फोन लावा." इचलकरंजीहून भाची आली म्हणून निभावलं.

आता गुठळी होऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ रक्त पातळ ठेवणारी ॲपिक्साबॅन, ठोके आवरायला मेटोप्रोलॉल. रात्री फडफड सुरू झाली की पहिलं मनात येतं ते, ह्यांची कूस कोण बदलेल. असं दुहेरी दुखणं आणखी कोणाकोणाच्या घरात आहे? दिवस कसा लावता, रात्र कशी काढता, लिहा. मोठं लिहा, त्रोटक लिहा, कसंही.

जास्वंद
ताई, त्या फुलपात्राचं वाचून डोळे भरून आले. काकांना माझा नमस्कार सांगा. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

वऱ्हाडीबाबा
मी ७१, अकोला. आमच्या हिला विसरण्याचा आजार आहे. मला लहानपणी सांधेतापानं हृदयाची झडप खराब झालेली, तिच्यापायी नाडी बिघडली. तुम्ही म्हणता त्या नव्या गोळ्या मला चालत नाहीत. झडप आकसली असेल तर जुनीच गोळी, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम, आणि दर महिन्याला आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. २ ते ३ च्या मध्ये पाहिजे. कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्त वाहण्याची.

आता अडचण काय, तर ही माझ्या गोळ्या उचलते. तिला वाटते तिच्याच आहेत. कधी पुडी उशीच्या खोळीत सापडते, कधी डाळीच्या डब्यात. ही गोळी तिच्या पोटात गेली तर भलतंच होऊन बसेल. म्हणून गोदरेजच्या कपाटात कुलूप लावून ठेवतो आणि किल्ली माझ्या जानव्याला. अंघोळीलाही सोडत नाही. ती विचारते, किल्ली कशाची? मी म्हणतो, तुझ्या दागिन्यांची. मग खूश असते.

भाजीचं एक सांगतो. पहिले मला वाटलं मेथी, पालक आयुष्यातून गेले. डॉक्टर म्हणाले, खा, पण दर आठवड्याला सारखं खा. हिवाळ्यात रोज हरभऱ्याची भाजी आणि उन्हाळ्यात काहीच नाही, असं केलं की आयएनआर हलते. आता बुधवारी मेथी, रविवारी पालक, बारा महिने.

गवतीचहा
बाबा, किल्लीचं फार आवडलं. माझ्या आईचं सांगते. बाबांना मणक्याचं दुखणं, आठ वर्षं पलंगावर. आईची नाडी बिघडलेली, तिला रक्त पातळ ठेवणारी रिव्हरोक्साबॅन दिवसातून एकदा. आणि आईचे उपास! सोमवार, चतुर्थी, एकादशी, वर गुरुवार नवीन धरलेला, बाबांसाठी. त्या दिवशी गोळी लिंबू सरबताबरोबर. शेवटी डॉक्टरांनीच समजावलं की तिची ती गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, रिकाम्या पोटी अंगात नीट शोषली जात नाही. आई म्हणाली, मग देवाला काय सांगू? डॉक्टर म्हणाले, देवाला सांगा डॉक्टरांनी मोडायला लावला, पाप माझ्याकडे. तेव्हापासून आई उपासालाही भगर-आमटी पोटभर खाते आणि मग गोळी.

गोळीची किंमत सुरुवातीला फार होती. पेटंट संपल्यावर बऱ्याच कंपन्यांच्या आल्या, आता परवडते.

फिरस्ता
मी जर्मनीत, आईबाबा ठाण्यात. आईची दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं बिघडली, ती वॉकरवर. बाबा ७४, नाडी कधी ठीक कधी बिघडलेली. मी त्यांना ईसीजी काढणारं घड्याळ पाठवलं. ठोके अनियमित दिसले की घड्याळ सूचना देतं, बाबा चित्र पाठवतात, मी इथून लगेच फोन करायचो. एकदा बाबा म्हणाले, "माझे ठोके मोजतोस ते बरंय, पण आईशीही पाच मिनिटं बोलत जा. ती दिवसभर माझंच तोंड बघते." आता रोज आधी आईशी बोलतो. घड्याळ सतत पाहत नसतं, अधूनमधून तपासतं, त्यामुळे ते गप्प आहे म्हणजे सगळं ठीक असं धरू नका हे हृदयरोगतज्ज्ञांनी बजावलंय. बाबांना चोवीस तासांचा होल्टरही, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं यंत्र, लावला होता.

आता ॲब्लेशन ठरलंय. मांडीच्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेतात आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती डाग देतात, म्हणजे तिथून निघणारे चुकीचे विजेचे इशारे अडतात. बाबांनी दोन वर्षं टाळलं, कारण नंतर आठवडाभर जड उचलायचं नाही आणि आईला उठवायला तेच लागतात. मी जानेवारीत रजा काढून येतोय. आईला उठवायचं कसं ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेणार आहे.

जास्वंद
फिरस्ता, कंबर सांभाळा! सासूबाईंना उचलताना माझी गेली ती गेली. काखेत हात घालून ओढायचं नाही, त्यांच्या खांद्याला इजा होते. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, आपण गुडघ्यात वाकायचं, त्यांचे पाय आपल्या पावलांनी अडवायचे आणि एक-दोन-तीन म्हणून दोघांनी मिळून उठायचं. पट्टा सर्जिकलच्या दुकानात मिळतो. एअरबेड पण घ्या, पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी.

तिठा
एअरबेडवरून आठवलं, आमच्याकडे सावंतवाडीत पावसात वीज गेली की तो खाली बसतो. इन्व्हर्टरवर घ्या सगळ्यांनी.

आमच्या मिस्टरांचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. चार तास आत ते, बाहेर बाकावर मी. माझी फडफड पहिल्यांदा त्या बाकावरच झाली. डायलिसिसचा मुलगा बाहेर आला, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता आत नेऊन बोटाला मशीन लावलं. ठोके १५० च्या वर. तेव्हापासून मिस्टरांना सुई लावली की तो माझीही नाडी बघतो. मिस्टर सगळ्यांना सांगतात, एका तिकिटात दोघं. घरी बोलणं कमी आमचं, पण हल्ली जाता-येता गाडीत माझं मनगट धरून बसतात.

सिस्टर_निवृत्त
सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, मालक डायबेटिसनं पाय गेलेले, माझं स्वतःचं एएफ, म्हणजे तेच एट्रियल फिब्रिलेशन. चार गोष्टी कळकळीनं सांगते, रागावू नका.

उचलाउचलीनं कंबर, खांदे दुखतात आणि आपण मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मनानं घेऊ नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं का आणि किती, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. शौच डांबरासारखं काळं झालं तर थांबू नका.

पेशंटला धरताना आपणच पडलो आणि डोक्याला लागलं, तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालयात जा. आतल्या आत रक्त साकळू शकतं. 'त्यांना एकटं सोडून कशी जाऊ' म्हणून घरी बसलेल्या बाया मी पाहिल्यात.

दात काढायचाय म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. रक्त पातळ करणारी डॅबिगाट्रानची कॅप्सूल असेल तर उघडून पूड करून घ्यायची नाही.

आणि तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, यांतलं एक जरी दिसलं तरी १०८. वेळ बघून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली हे पहिल्या वाक्यात सांगा, त्यावर त्यांचा निर्णय ठरतो. पर्समध्ये चिठ्ठी ठेवा : माझं नाव, औषध, आणि 'घरी अंथरुणाला खिळलेला पेशंट आहे, याला फोन करा'. ही शेवटची ओळ लिहाच.

कृष्णाकाठताई, ईसीजीच्या कागदावरच्या रेघा अशाच उडून जातात, त्याची झेरॉक्स काढून ठेवायची. मोबाइलवर फोटोही काढा.

कृष्णाकाठ
सिस्टर, चिठ्ठी आत्ताच लिहिली. शेवटच्या ओळीत वहिनींचा नंबर घातला.

एक_वाचक
माझ्या यजमानांना पार्किन्सन्स. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे जायला लागल्यापासून आम्हा दोघांचाही जीव मोकळा झाला. आमचं वेळापत्रक गोळ्यांवर चालतं. त्यांची सिंडोपा जेवणाआधी अर्धा तास, माझी रक्ताची गोळी जेवणाबरोबर. त्यामुळे फ्रिजवर दोन रंगांत लिहिलंय, त्यांचं निळं, माझं लाल.

संध्याकाळी ते माझी नाडी बघतात. तीन बोटं मनगटावर ठेवतात. त्यांचा हात थरथरतो, माझी नाडी थरथरते, कोणाचं काय ते दोघांनाही समजत नाही. मग हसू येतं. ते मोठ्यानं आकडा सांगतात, दर वेळी ७२.

वऱ्हाडीबाबा
७२ सांगत राहा म्हणा त्यांना.

गवतीचहा
रात्रीसाठी कोणी बाई ठेवली आहे का? आईला सांगतेय पण ती म्हणते परकं माणूस घरात झोपलं की तिलाच झोप येत नाही. ब्युरोवाले बारा तासांचे पैसे घेतात आणि दर महिन्याला माणूस बदलतं.

तिठा
आम्ही ब्युरो सोडला. वाडीतलीच एक मावशी येते, रात्री नऊ ते सहा. दोनदा कूस बदलते, लघवीची पिशवी रिकामी करते. मला पहिले काही दिवस झोप नाही आली, मग असली आली की सांगता सोय नाही. झोप झाली की माझी फडफडही कमी होते, हे मी स्वतः पाहिलंय. आईंना म्हणावं, आठ दिवस करून तर बघा.

सिस्टर_निवृत्त
तिठा, बरोबर. अपुरी झोप आणि पाणी कमी पिणं, दोन्हीनं ठोके बिघडू शकतात. मालक रात्री उठवतील म्हणून संध्याकाळपासून पाणीच न पिणाऱ्या बायका आहेत. पाणी प्या गं. हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनी माप ठरवून दिलं असेल तर तेवढंच.

कृष्णाकाठ
सगळ्यांचं वाचून काढलं, ह्यांनाही मोठ्यानं वाचून दाखवलं. सिस्टरांच्या प्रत्येक वाक्याला 'हो' म्हणत होते.

आमचं रात्रीचं सांगायचं राहिलं. त्या दुपारनंतर भाचीनं दारावरची बिनतारी बेल आणली. बटण ह्यांच्या डाव्या हाताशी आणि घंटा खाली वहिनींच्या स्वयंपाकघरात. एकदा दाबलं तर सवडीनं या, दोनदा दाबलं तर धावत या. मला बरं वाटेनासं झालं की मी ह्यांना खूण करते आणि ते दाबतात. पूर्वी दिवसभर छताकडे बघत पडलेले असायचे, आता माझ्यावर लक्ष ठेवून असतात. मी जिन्यावरून दमून आले तरी बोट बटणावर!

पुढच्या आठवड्यात माझी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आहे. वहिनी तेवढा वेळ ह्यांच्याजवळ बसणार आहेत. या वेळी पुढे ढकललेली नाही.

जास्वंद
आले परत. ताई, ते बटण चिकटवलंय का? सासूबाईंच्या हातून सारखं खाली पडतं.

कृष्णाकाठ
चिकटपट्टी टिकत नाही गं, घामानं निघते. पलंगाच्या कठड्याला नाडीनं बांधलंय, जरा सैल, म्हणजे बोटानं ओढून घेता येतं. आणि सेल दिवाळीला बदलायचा, आठवण ठेव.

जास्वंद
आजच बांधते. परकरातली नाडी चालेल ना?

वऱ्हाडीबाबा
चालते. जानवं पण चालते.